लाईन

नगर जिल्ह्यात एखादा दिवस नुसते कान उघडे ठेवून हिंडावे. पहाटे पाथर्डीकडच्या वस्तीवर टँकर यायच्या आधीच एखादी सासू सुनेला बजावत असते, 'आधी लायनीत हंडा ठेवून ये, मग चूल पेटव'. दिवस कासराभर वर आला की राहुरीच्या मळ्यात विहिरीच्या काठावर बसलेला शेतकरी मोटारीचा आवाज एकाएकी बंद पडल्यावर खांबाकडे पाहत म्हणतो, 'लाईन गेली'. वांबोरीच्या स्टेशनावर खोळंबलेल्या गाडीतला उतारू शेजाऱ्याची समजूत घालतो, 'लाईन क्लिअर मिळाली नसेल अजून'. सावेडीत कोणाचा पत्ता विचारला तर 'पाईपलाईन रोडने सरळ जा' असे उत्तर मिळते. कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्या रात्रभर लाईनीत उभ्या असतात. पारावर बसलेले वडीलधारे दहावी झालेल्या पोराला 'आता कुठल्या लाईनीला जायचं ठरवलंस?' म्हणून विचारतात. आणि शिर्डीला देवळाच्या भोवताली माणसांचे जे संथ वहन सदासर्वदा चाललेले असते, त्याला तर सारा मुलूख 'दर्शनाची लाईन' याच नावाने ओळखतो.

यांपैकी एकालाही आपण इंग्रजी बोलत आहोत अशी शंकासुद्धा येत नाही, आणि येण्याचे कारणही नाही. शब्द इतका मुरला आहे की तो मराठीच्या विभक्ती विनातक्रार घेतो, अनेकवचनात 'लायनी' होतो, क्रियाविशेषण हवे तेव्हा 'लायनशीर' होऊन उभा राहतो. आणि त्याला लिंग द्यायची वेळ आली तेव्हा लोकांनी कोणत्याही पंडिताला न विचारता त्याला स्त्रीलिंगी केले, कारण रांग, ओळ, रेघ, हार या त्याच्या सगळ्या मराठी बहिणी स्त्रीलिंगीच होत्या.

या बहिणींचे काय झाले, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत आला आहे. मराठीत सरळ रेषेत मांडलेल्या वस्तूंसाठी शब्दांचे दारिद्र्य कधीच नव्हते. लिहिलेली ती ओळ, आखलेली ती रेघ, झाडांची हार, लढणाऱ्यांची फळी, जेवणाऱ्यांची पंगत; उसासाठी पाडलेली ती सरी, नांगराने उघडलेले ते तास, आणि रब्बीत शाळू पेरताना चाड्यावर मूठ धरून चालणाऱ्या माणसाच्या पुढे पाभर जी ओढत नेते ती काकरी. प्रत्येक शब्दाला त्याची जागा होती आणि ती त्याने सोडलेली नाही. नगरच्या शेतात आजही कोणी 'ज्वारीची लाईन' पेरीत नाही. म्हणून 'लाईनीने आमचे शब्द गिळले' ही शुद्धिवाद्यांची तक्रार मला सरसकट मान्य करवत नाही. तिने गिळले असेल तर ते एका ठिकाणी, आणि ते ठिकाण मात्र मनाला लागते. गावोगावच्या मंगल कार्यालयांत पंगत उठली आणि तिच्या जागी ताट हातात घेऊन उभे राहायची लाईन आली. पंगतीत माणूस मांडी घालून बसत असे आणि वाढणारा त्याच्याकडे चालत येई. लाईनीत अन्न जागच्या जागी राहते आणि चालावे माणसाला लागते. हा फरक शब्दापुरता नाही. तो यजमान आणि पाहुणा यांच्या नात्यातला फरक आहे, आणि पंगत गेल्याचे दुःख मी तरी लपवू इच्छीत नाही.

हा शब्द मुळात एका धाग्याचे नाव आहे. लॅटिन भाषेत 'लीनुम' म्हणजे आपले जवस. रब्बीच्या हंगामात निळ्या नाजूक फुलांनी बहरणारे आणि ज्याची चटणी नगरच्या भाकरीबरोबर हटकून असते तेच. त्या झाडाच्या खोडातून निघणाऱ्या तंतूंचा दोरा, आणि तो दोरा ताणून धरला असता जी सरळ मर्यादा मिळते ती 'लीनिया'. तीच पुढे इंग्रजांची लाईन. गंमत अशी की, आपल्या देशातही विचार याच वाटेने गेला. संस्कृतात सूत्र म्हणजे धागा, ज्याचे आपले सूत झाले, आणि सूत्र म्हणजेच नियमही. सूत्र हाती धरणारा तो सूत्रधार, आणि त्याच शब्दाची झीज होऊन लाकडाला सूत धरणारा आपला सुतार. म्हणजे दोन दूरदूरच्या भूमींत दोन निराळ्या जातींच्या माणसांनी, एकाने जवसाचा आणि दुसऱ्याने कापसाचा, दोरा ताणला आणि दोघांनाही त्यातून सरळपणाची कल्पना सापडली. आज घराचे जोते आखताना गवंडी दोन खुंट्यांना जी दोरी बांधतो तिला तो 'लाईनदोरी' म्हणतो, कोणी जुना कारागीर 'लैनदोरी' म्हणतो. ओळंबा त्याने वाडवडिलांकडून घेतला, दोरी त्याचीच होती, तिच्या मागे लाईन तेवढी साहेबाच्या कामावर असताना येऊन चिकटली. आणि न कळत त्या दोरीने शब्दाला त्याच्या मूळ घरी, म्हणजे ताणलेल्या दोऱ्यापाशी, आणून सोडले.

परंतु नगर जिल्ह्याच्या इतिहासात लाईन आली ती दोरीच्या रूपाने नव्हे. छावणीच्या बराकींची लाईन, भिंगारकडची, ही अर्थात आधीची. १८०३ साली इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, पुढे इंग्रजी लष्कराचा मुक्काम येथे पडला, आणि शिपायांच्या खोल्या एका सुतात बांधायच्या त्यांच्या शिरस्त्यातून पुढे पोलीस लाईन निघाली, जिच्यात वाढलेली मुले आजही स्वतःला अभिमानाने 'लाईनीतले' म्हणवतात. तथापि खेड्यापाड्यांतल्या माणसाच्या तोंडी हा शब्द बसवला तो दौंड-मनमाड रेल्वेने.

ती कथा सांगितलीच पाहिजे. १८७६ साली दख्खनवर पाऊस रुसला आणि पुढची दोन वर्षे जो दुष्काळ पडला त्याने या इलाख्याचे कंबरडे मोडले. सरकारने दुष्काळी कामे काढली, त्यांत मुंबईहून दक्षिणेकडे जाणारा आणि उत्तरेकडे जाणारा असे दोन मोठे लोहमार्ग जोडणाऱ्या या नव्या मार्गाचे मातीकाम होते. कसबे आणि वाड्या ओस टाकून निघालेली कुटुंबेच्या कुटुंबे या कामावर आली. पुरुषांनी कुदळ धरली, बायकांनी पाट्या वाहिल्या, पोरांनी खडी वेचली. त्याच सुमारास हिंदुस्थान सरकारच्या वतीने दुष्काळी मुलुखाची पाहणी करणारे सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचे एक नवे प्रमाण सुचवले: पुरुषाला दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एवढ्यावर माती उचलणारा देह टिकत नाही, हे सांगायला वैद्य लागत नव्हता. इलाख्यात ठिकठिकाणी मजुरांनी काम सोडून दिले, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारदरबारी रुजू केली. १८७८ साली गाडी धावू लागली तेव्हा टेंपलसाहेब मुंबईच्या गव्हर्नरपदावर होते. आज दौंड ते मनमाड हे सुमारे २३६ किलोमीटरांचे अंतर आपण खिडकीशी बसून, काष्टी, विसापूर, सारोळा, नगर, राहुरी, पुणतांबे, कोपरगाव अशी नावे वाचत पार करतो, तेव्हा खालचा भराव कोणाच्या उपासावर उभा आहे हे मनात आणावे. उपाशी माणसांनी लाईनीत उभे राहून लाईन बांधली. या शब्दाचे दोन मुख्य अर्थ, म्हणजे ज्या वाटेने काही येते ती आणि ज्या ठिकाणी ते येण्याची वाट पाहत थांबायचे ती, या जिल्ह्यात असे एकाच वेळी, एकाच जागी जन्मले. आणि माझ्या समजुतीप्रमाणे तेव्हापासून आजवर ते एकमेकांपासून सुटलेले नाहीत.

लोहमार्गाने गावे वसवली. बेलापूर गावापासून काही अंतरावर 'बेलापूर रोड' नावाचे स्टेशन झाले, त्याच्या भोवती अडत्यांची दुकाने, गुळाची आणि धान्याची पेठ, मग वस्ती, मग नगरपालिका. ते आजचे श्रीरामपूर. गावाला नवे नाव मिळाले तरी लाईनीवरचे नाव हलले नाही; श्रीरामपुरात उतरणाऱ्याला फलाटावर अजून 'बेलापूर' हीच पाटी दिसते, आणि नवखा मनुष्य क्षणभर गोंधळतो.

मार्ग एकेरी होता, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी दुसरीने एखाद्या आडस्टेशनावर बाजूच्या लूप लाईनीत निमूट उभे राहणे क्रमप्राप्त असे. दोन स्टेशनांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी असावी यासाठी जी योजना होती ती मी लहानपणी डोळे भरून पाहिली आहे. स्टेशनमास्तरच्या खोलीत लाल रंगाचे एक अवजड यंत्र असे. पुढच्या स्टेशनाने घंटी देऊन संमती दिली की त्यातून लोखंडी गोळा बाहेर पडे, आणि तो गोळा पुढच्या स्टेशनातील यंत्रात जाऊन पडेपर्यंत दुसरा गोळा काही केल्या निघत नसे. गोळा एका चामडी पिशवीत, पिशवी एका मोठ्या वेताच्या कडीला; पोर्टर ती कडी हात उंचावून धरी, आणि न थांबता जाणाऱ्या इंजिनातून वाकलेला माणूस आपला दंड तीत घालून ती उचलून नेई, त्याच झपाट्यात मागल्या टप्प्याची कडी खाली फेकून. तीच 'लाईन क्लिअर'. ती हाती आल्याखेरीज कितीही मोठ्या गाडीचा कितीही मोठा ड्रायव्हर एक पाऊल पुढे टाकू शकत नव्हता. आता रंगीत सिग्नल आले, मार्ग दुहेरी होत गेला, कड्या गेल्या. शब्द मात्र कचेऱ्यांत शिरला, आणि मामलेदाराच्या शेऱ्यासाठी अडलेला दस्तऐवज मोकळा झाला की गावात बातमी येते, 'लाईन क्लिअर झाली'. शेजारच्या बीडला तर लाईन या शब्दासाठी पिढ्यान् पिढ्या झुरावे लागले. नगरहून आष्टीपर्यंत गाडी गेली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी, आणि बीडच्या स्टेशनात पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी.

लोखंडाची लाईन एवढ्या थाटात आली, पण या पर्जन्यछायेच्या प्रदेशात ज्या लाईनीसाठी माणूस जीव टाकतो ती पाण्याची. निजामशाहीच्या काळात मलिक अहमदाने वसवलेल्या या शहराला कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून जमिनीखालून खापरी नळांनी पाणी आणलेले होते. भाजलेल्या मातीचे ते नळ, त्यांवरचे दगडी उच्छ्वास, आणि शेवटी हौदांत पडणारे पाणी, ही व्यवस्था पाहून पुढच्या राज्यकर्त्यांनाही कौतुक वाटले. म्हणजे पाईपलाईन नगरला होती, शब्द तेवढा नव्हता. मुळा धरणाचे पाणी विळदमार्गे शहराकडे येऊ लागले तो नळ लोखंडाचा, आणि त्याच्या नावाने सावेडीतला रस्ता ओळखला जातो.

खेड्यात मात्र 'लाईन केली' या दोन शब्दांत एका कुटुंबाची सारी मिळकत सामावलेली असते. नदीकाठी गुंठाभर जागा घ्यायची, तेथे विहीर पाडायची, सोसायटीचे कर्ज काढायचे आणि मैल-दोन मैलांवरच्या कोरड्या रानात नळ घालून पाणी न्यायचे, हा प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या काठचा प्रघात आहे. मधल्या बांधांचे मालक कोण, त्यांची राजीखुशी कशी मिळवायची, यावर भाऊबंदकीचे किती प्रसंग उभे राहतात! महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या ४९ व्या कलमात दुसऱ्याच्या जमिनीतून पाण्याची वाट नेण्याची तजवीज आहे, त्याखाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. पण शहाणी माणसे अर्जाच्या आधी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसतात. चर खणली जाते, नळ जोडताना सोल्युशनचा उग्र वास सुटतो, शेवटच्या टोकाशी नारळ फुटतो, हळदकुंकू वाहिले जाते, आणि तिकडे विहिरीवर कोणी कळ दाबतो. पाणी लगेच येत नाही. आधी नळातून नुसती हवा फुसफुसत निघते, मग दोन-चार उचक्या, मग तांबडा चिखल, आणि घरची सगळी माणसे श्वास धरून उभी असताना एकाएकी नितळ पाण्याचा जाडजूड लोट तोंडातून उसळून वाफ्यात पडतो. त्या क्षणी घरच्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेली मी पाहिली आहे. इंग्रजीत या शब्दाचे जितके म्हणून अर्थ असतील त्यांत हा अर्थ नाही. तो आमच्या रानात तयार झाला.

पाण्याची लाईन विजेच्या लाईनीवर अवलंबून. खांबावरून येणाऱ्या विजेला गावात 'लाईट' म्हणतात तसे 'लाईन' असेही म्हणतात, आणि ती शेतीपंपांना पाळीपाळीने मिळते: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत दारे धरायला जाणे म्हणजे काय, हे प्रवरेच्या किंवा गोदावरीच्या उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला विचारावे. एका हातात बॅटरी, एका हातात फावडे, पायाखाली विंचूकाटा, आणि दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच ऊस, ज्याच्या आत बिबट्या वीत असतो आणि पिले वाढवत असतो. म्हणून माणसे दोघेदोघे जातात, मोठ्याने बोलत जातात. थंडीच्या रात्री लाईन येते म्हणून उठावे, चार सऱ्या भराव्यात तोवर ती जावी, पुन्हा येईल म्हणून बांधावर शेकोटीशी बसावे. आणि 'शेतीला दिवसा वीज द्या' ही मागणी सभांतून ऐकणाऱ्याने ती कोणत्या बांधावरून उठली आहे हे ध्यानात ठेवावे. ती न्याय्य आहे, आणि तिला फार उशीर झाला आहे.

येथवर जी लाईन सांगितली ती आणणारी. दुसरी, थांबायला लावणारी, हिच्या पावलावर पाऊल ठेवून येतेच. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात पाझर तलावांची, रस्त्यांची, बांधबंदिस्तीची कामे निघाली, आणि माणसे मस्टरवर नाव लावून खडी फोडू लागली. त्या वर्षांबद्दल बोलणाऱ्या आजीच्या तोंडी 'लायनीला होतो' हे शब्द वारंवार येत. मजुरीची लाईन, मिलोची लाईन, पोरांसाठी सुकडीची लाईन. परदेशातून आलेली ती तांबडी ज्वारी घशाखाली उतरत नसे, पण लाईन सोडली तर तीही नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या मजुरांना जो हक्क नव्हता तो त्या कामांतून पुढे उदयाला आला, वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची योजना १९७७ साली कायद्यात उतरली, आणि मागेल त्याला काम देणे हे महाराष्ट्रात सरकारचे कर्तव्य ठरले. लाईनीतल्या माणसाला दयेऐवजी अधिकार मिळाला, ही या राज्याच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट मी मानतो.

टँकरच्या लाईनीत तर माणूस उभाही राहत नाही. त्याच्या वतीने भांडे राहते. जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेर या बाजूंना उन्हाळ्यात वस्तीच्या तोंडाशी हंडे, कळशा, पत्र्याचे डबे, तेलाचे रिकामे कॅन एकापाठोपाठ ठेवलेले असतात, आणि प्रत्येक भांडे कोणाचे हे त्याच्या पोचांवरून साऱ्या बायकांना ठाऊक असते. ज्या घरी जास्तीचे भांडे नाही ते घर दगड ठेवते. दगडाचाही मान राखला जातो. पहाटेच्या वेळी त्या निर्जीव रांगेत जो कायदा पाळला जातो त्याला कोणी लिहिणारा नाही, पंच नाही, दंड नाही. तरी तो मोडणारी बाई वस्तीत तोंड दाखवू शकत नाही.

कारखान्याच्या दारची लाईन आणखी निराळी. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि पलीकडे बीड, या भागांतून दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन निघालेली जोडपी मुकादमाच्या उचलीपायी सहा-सहा महिने घरदार सोडतात. दिवसभर तोडलेला ऊस टायरगाडीत भरून संध्याकाळी ती कारखान्यावर येतात आणि वजनकाट्यापुढच्या लाईनीत लागतात. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीच्या माळावर सहकारी कारखाना उभा केला, १९५० साली त्याची धुराडी पेटली, आणि तेव्हापासून या जिल्ह्याच्या समृद्धीचा हिशेब ज्या काट्यावर होतो, त्याच्या पुढे ही लाईन उभी आहे. जू खाली उतरवलेले असते, बैल वाढे चघळत असतात, गाडीखाली बांधलेल्या झोळीत लेकरू निजलेले असते, बाई तिथेच तीन दगडांवर भाकरी थापते. गव्हाणीत मोळी पडायला जितका उशीर तितका ऊस सुकतो आणि मालकाचे वजन घटते, म्हणून शेतकरी तळमळतो. पण ज्या माणसाची झोप घटते त्याची नोंद कोणत्याच काट्यावर होत नाही. सहकाराचे मोल मी जाणतो आणि त्याने या मुलुखाचा चेहरा बदलला हे मान्य करतो. म्हणूनच म्हणतो, की त्या आवारात रात्रीच्या निवाऱ्याची आणि पाण्याची नीट तजवीज असणे हा उपकार नसून देणे आहे.

पोरांच्या शिक्षणाची लाईन, धंद्याची लाईन, 'आता लाईनीला लागला' म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारे आईबाप, आणि कॉलेजच्या कट्ट्यावर ज्या अर्थाने हा शब्द हलक्या आवाजात उच्चारला जातो तो. हे सारे महाराष्ट्रभर सारखेच आहे, त्यात नगरचे म्हणून काही विशेष नाही.

विशेष आहे ते शिर्डीत घडलेल्या एका योगायोगाचे. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधान शिर्डीस आले, आणि एकाच दिवसात त्यांच्या हस्ते दोन कामांचे लोकार्पण झाले. पहिले, दर्शनरांगेचे नवे संकुल, ज्यात दहा हजारांहून अधिक भाविकांना बसून आपल्या पाळीची वाट पाहता येईल. दुसरे, निळवंडे धरणाचे जलपूजन आणि त्याच्या ८५ किलोमीटरांच्या डाव्या कालव्याचे जाळे, ज्याचा लाभ या जिल्ह्यातील सहा आणि नाशिक जिल्ह्यातील एक अशा सात तालुक्यांतील १८२ गावांना व्हावयाचा आहे. धरणाची कल्पना निघाली १९७० साली. कागद मंजूर होत राहिले, मोर्चे निघत राहिले, ज्यांनी तरुणपणी पहिल्या अर्जावर अंगठा उठवला त्यांतले कितीतरी जण पाणी न पाहताच गेले. शिर्डीच्या भाविकाला बसायला आसन मिळाले याचा मला आनंद आहे. श्रद्धेने आलेल्या वृद्धाला उन्हात ताटकळत ठेवू नये. पण संगमनेरच्या, राहात्याच्या त्या कोरड्या गावांतल्या माणसाने ज्या लाईनीत अर्धशतकाहून अधिक काळ काढला तिला छप्पर नव्हते.

आणि ती लाईन अजून संपलेली नाही, कारण कालव्याच्याही दोन टोकांना या मुलुखात इंग्रजी नावे आहेत: 'हेड' आणि 'टेल'. हेडवाल्याच्या रानाला पाणी आधी भेटते. त्याचे भरणे होऊन पाट रस्त्यावर वाहू लागतो तेव्हाही टेलवाला कोरड्या चारीच्या तोंडाशी पाटकऱ्याची वाट पाहत असतो, आणि कित्येक वेळा पाणी त्याच्या बांधाशी येते तेव्हा आवर्तन बंद झाल्याची खबरही सोबत येते. त्याच्या पाणीमागणीच्या सात नंबरच्या अर्जावर शिक्का असतो, पाणीपट्टीची पावती असते, वाफे कोरडे असतात. यावरचा उपाय नवा शोधायचा नाही. शेजपाळी, म्हणजे पाण्याच्या पाळ्यांचा क्रम, लावताना भरणे टेलापासून धरावे आणि हेडाकडे येत जावे, हे पाटबंधाऱ्याच्या कामातला प्रत्येक जाणता मनुष्य सांगतो. तेव्हा प्रवरेवर, मुळेवर आणि निळवंड्याच्या नव्या चाऱ्यांवर काम करणाऱ्या अभियंत्यांना, पाटकऱ्यांना आणि पाणीवापर संस्थांच्या पंचांना माझे एवढेच मागणे आहे की, प्रत्येक आवर्तनाच्या आरंभी गावच्या चावडीवर पाळीपत्रक लावावे, त्यावर पहिले नाव टेलच्या शेतकऱ्याचे असावे, आणि त्याचे भरणे कोणत्या तारखेला झाले ते त्याच्या सहीनिशी तेथे लिहावे.